बंडलरने जिवंत कोड मृत ठरविला तर

एखादे संकेतस्थळ विकसकाच्या संगणकावर यथास्थित चालते, त्याच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात, प्रॉडक्शनचा बिल्डही विनातक्रार पूर्ण होतो, आणि सर्व्हरवर चढविल्यानंतर मात्र फॉर्ममधील तारीख निवडण्याची चौकट उघडेनाशी होते, एखाद्या पानाची सारी सजावट नाहीशी होते, किंवा जुन्या ब्राउझरांसाठी मुद्दाम जोडलेला पॉलिफिल जणू कधी लिहिलाच नव्हता अशी अवस्था होते. कन्सोलमध्ये पाहावे तर पुष्कळदा तेथेही शुकशुकाट असतो. तयार झालेली फाइल उघडून शोध घ्यावा तर संबंधित फंक्शनचा मागमूस लागत नाही. बांधणीच्या वाटेवर कोठेतरी ते मृत ठरून वगळले गेलेले असते.

अशा प्रसंगी बंडलरला बोल लावून मोकळे होणे सोपे असते, आणि क्वचित तो बोल यथार्थही ठरतो. परंतु या जातीची प्रकरणे जो चार-दोन वेळा मुळापर्यंत नेऊन पाहील त्याच्या ध्यानात येईल की बंडलर सहसा स्वतःच्या मर्जीने काही काढीत नाही; पॅकेजच्या कर्त्याने, कॉन्फिग लिहिणाऱ्याने किंवा आधीच्या टप्प्यावरील एखाद्या साधनाने दिलेल्या ग्वाहीवर विश्वास ठेवून तो निवाडा करतो, आणि ती ग्वाहीच चुकीची असते. म्हणून तपासाला बसताना एकच प्रश्न सतत पुढे ठेवावा: हा कोड मृत आहे असा निर्णय कोणाच्या साक्षीवरून झाला? या प्रश्नाची शिस्तीने तहकीकात कशी करावी, खरा दोष साधनाचा आहे हे केव्हा मानावे आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून कोणता बंदोबस्त करावा, एवढे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

निवाडा कसा होतो

अनावश्यक कोड गाळण्याची कल्पना जावास्क्रिप्टच्या जगात नवी नाही. गूगलने 2009 साली खुला केलेला क्लोझर कंपायलर हे काम त्याच्या प्रगत पद्धतीत करीत असे. पण त्याने घातलेल्या अटी पाळून कोड लिहिणे सामान्य विकसकाला जड जाई. 2015 साली भाषेच्या प्रमाणित आवृत्तीत मॉड्यूलांना स्थान मिळाले आणि कोणती फाइल कोणत्या फाइलीतून नेमके काय घेते हे कार्यक्रम न चालविता, केवळ वाचून सांगता येऊ लागले. त्याच वर्षी रिच हॅरिस यांचा रोलअप पुढे आला आणि ‘ट्री-शेकिंग’ हे नाव सर्वतोमुखी झाले. वेबपॅकने 2017 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय घेतली, 2018 च्या चौथ्या आवृत्तीत तिला ‘साइडइफेक्ट्स’ या घोषणेची जोड दिली, आणि 2020 मध्ये आलेल्या इव्हान वॉलेस यांच्या ईएसबिल्डने तीच व्यवस्था मान्य करून तिला प्रचंड वेग दिला. आज यांपैकी कोणतेही साधन वापरले तरी निवाड्याची मूळ रीत एकच आहे.

ती रीत निवृत्तिवेतनाच्या कार्यालयासारखी आहे. तेथे जो ठरल्या मुदतीत हयातीचा दाखला सादर करीत नाही, तो घरी धडधाकट बसलेला असला तरी त्याचे वेतन थांबते. बंडलर प्रवेश-फाइलीपासून आरंभ करून इम्पोर्टांच्या मागोमाग जातो. जे नाव कोणीतरी खरोखर वापरते ते जिवंत, आणि ज्यापर्यंत असा एकही माग पोहोचत नाही ते मृत, असे त्याचे पहिले माप असते.

परंतु जावास्क्रिप्टमध्ये एवढे माप पुरत नाही. एखादी फाइल काहीही एक्स्पोर्ट न करता केवळ वाचली जाताक्षणीच काम करून मोकळी होते: ती जागतिक वस्तूला नवी पद्धत जोडते, पानात सजावटीचे नियम घालते, ब्राउझरकडे नवा टॅग नोंदविते. या कामांना आपण येथे आनुषंगिक परिणाम म्हणू. असा परिणाम करणारा कोड कोणी नावाने मागितला नाही तरी जिवंतच असतो, आणि एखाद्या ओळीला असा परिणाम आहे की नाही हे सर्व प्रसंगी अचूक सांगणारे यंत्र बनविणे तत्त्वतःच अशक्य आहे, एच. जी. राइस यांनी 1953 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा आशय हाच की कार्यक्रमाच्या वर्तनासंबंधीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व कार्यक्रमांना लागू पडणारे यांत्रिक उत्तर असू शकत नाही. साधा गुणधर्म वाचणेदेखील निरुपद्रवी असेलच असे नाही, कारण त्या गुणधर्मामागे गेटर असेल तर वाचताक्षणी कोणतेही फंक्शन चालू शकते.

सबब, संशय असेल तेथे कोड ठेवावा हे बंडलरचे मूळ धोरण असते. मात्र ते काटेकोरपणे पाळले तर बंडल इतका अवजड होतो की गाळणीचा उद्देशच विफल व्हावा. यावर तोड म्हणून लेखी साक्षींची तजवीज झाली: जे यंत्राला सिद्ध करता येत नाही ते मनुष्याने लिहून द्यावे, आणि यंत्राने त्यावर शहानिशा न करता विश्वास ठेवावा. ज्या व्यवस्थेत साक्षीची उलटतपासणी होत नाही, तेथे चुकीची साक्ष किती दूरवर अनर्थ करील हे वेगळे सांगावयास नको.

साक्षीदार कोण कोण

तारीख निवडण्याच्या चौकटीचेच उदाहरण घेऊ. समजा, एका पॅकेजात ‘डेटपिकर’ नावाचा क्लास आहे आणि त्याच फाइलीच्या शेवटच्या ओळीत ‘कस्टमएलिमेंट्स.डिफाइन’ या पद्धतीने तो ‘डेट-पिकर’ या टॅगशी जोडलेला आहे. वापरणारा आपल्या कोडमध्ये फाइल नुसती इम्पोर्ट करतो, तिच्यातून कोणतेही नाव घेत नाही, आणि एचटीएमएलमध्ये टॅग लिहितो. आता ही शेवटची ओळ बंडलमधून गळाली तर काय होईल? ब्राउझर अनोळखी टॅगविषयी तक्रार करीत नाही. तो त्याला अर्थहीन पण वैध घटक मानून तसाच ठेवतो. म्हणजे चूक होते, आणि तिचा एक शब्दही कोठे उमटत नाही.

पहिला साक्षीदार म्हणजे पॅकेज.जेसन या फाइलीतील ‘साइडइफेक्ट्स’ हे कलम. पॅकेजच्या कर्त्याने तेथे ‘फॉल्स’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ असा होतो की या पॅकेजातील ज्या मॉड्यूलामधून एकही नाव वापरले गेले नाही ते मॉड्यूल संपूर्ण, त्यातील आनुषंगिक परिणामांसह, वगळण्यास मुभा आहे. वरील उदाहरणात नाव घेतलेलेच नाही, तेव्हा टॅगची नोंदणी करणारी ओळ त्या मुभेखाली नाहीशी होते. सीएसएस फाइली आणि पॉलिफिल यांचा बळी जातो तोही याच कलमाने. पुष्कळ लेखक दुसऱ्या पॅकेजातील हे कलम जसेच्या तसे उचलतात आणि आपल्या फाइली खरोखर निष्परिणाम आहेत काय याची खातरजमा करीत नाहीत.

या कलमाचे दोन पोटभेद अधिक फसवे आहेत. ‘फॉल्स’ऐवजी अपवादांची यादी देता येते, व ज्या फाइली ठेवावयाच्या त्यांचे मार्ग तीत लिहावयाचे असतात, पण यादीत मूळ स्रोताच्या फोल्डरातील मार्ग लिहिला आणि वापरणाऱ्याच्या हाती मात्र बिल्ड होऊन निराळ्या फोल्डरात गेलेली फाइल आली, तर त्या यादीचा काडीचाही उपयोग नसतो. दुसरा भेद संग्राहक फाइलींचा आहे, म्हणजे ज्या केवळ इतर फाइलींतील नावे पुन्हा एक्स्पोर्ट करतात त्यांचा. ‘फॉल्स’ कलम असलेल्या पॅकेजात आपण अशा फाइलीतून एखादे नाव घेतले तर बंडलर मधली फाइल ओलांडून थेट मूळ मॉड्यूलाकडे जाऊ शकतो. त्या मधल्या फाइलीत कोणी पॉलिफिल किंवा सजावट इम्पोर्ट करून ठेवली असेल, तर तिच्यातील नाव वापरूनसुद्धा ती गळते. नाव वापरले म्हणजे फाइल सुरक्षित राहिली असे जे मानतात त्यांची सर्वांत मोठी दिशाभूल येथे होते.

दुसरा साक्षीदार म्हणजे ‘प्युअर’ ही टिप्पणी. फंक्शनच्या हाकेपूर्वी ती लिहिली की बंडलर समजतो, या हाकेचे उत्तर कोणी वापरले नाही तर ही हाकच काढून टाकण्यास हरकत नाही. तिची व्याप्ती लहान आहे: ती त्या एका हाकेपुरती असते, आणि हाकेला दिलेल्या अर्ग्युमेंटांमध्ये काही परिणाम असेल तर तो सहसा राखला जातो. परंतु जे फंक्शन वस्तू बनविता बनविता तिची एखाद्या सामायिक यादीत नोंदही करते, त्याच्या हाकेवर ही टिप्पणी चढविली म्हणजे नोंदही बुडते. बेबेलसारखी साधने क्लासचे जुन्या वळणाच्या कोडमध्ये रूपांतर करताना अशी टिप्पणी स्वतःहून घालतात, म्हणून आपण ती लिहिली नाही एवढ्यावरून ती बिल्डच्या वाटेत कोठेच नाही असे समजू नये.

तिसरा साक्षीदार स्थिरांकांची अदलाबदल. बिल्डच्या वेळी वातावरणातील मूल्ये कोडमध्ये थेट भरली जातात आणि त्यांवरून ज्या अटी कायमच्या खोट्या ठरतात त्यांच्या शाखा छाटल्या जातात. आता असे पाहा: नोड.जेएसमध्ये ‘प्रोसेस.एन्व्ह’मधील प्रत्येक मूल्य मजकूर असते, म्हणून विकसकाने ‘हे मूल्य “ट्रू” या मजकुराशी समान आहे काय’ अशी तुलना लिहिली, आणि ती त्याच्या संगणकावर बरोबर चालली. प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमध्ये मात्र त्याच नावाला मजकूर न देता बूलियन ‘ट्रू’ दिले गेले. आता बंडलरसमोर ‘बूलियन ट्रू आणि मजकूर ट्रू काटेकोर समान आहेत काय’ हा प्रश्न येतो, त्याचे उत्तर निर्विवादपणे ‘नाही’ असते, आणि संपूर्ण शाखा मृत ठरते. बंडलरने येथे भाषेचा नियम तंतोतंत पाळलेला आहे. खोटा दाखला कॉन्फिगने दिला.

चौथा साक्षीदार बंडलरच्या अगोदरच येऊन गेलेला असतो, तो म्हणजे टाइपस्क्रिप्ट. जे नाव केवळ टाइप म्हणून वापरले गेले त्याचा इम्पोर्ट तो जावास्क्रिप्ट निर्माण करतानाच काढून टाकतो. आपल्या उदाहरणात कोणी ‘डेटपिकर’ हे नाव इम्पोर्ट केले, पण त्याचा उपयोग पानातून शोधून काढलेल्या घटकाचा टाइप सांगण्यापुरताच केला, तर तो इम्पोर्ट बंडलरच्या नजरेला पडतच नाही, आणि टॅग नोंदविला जात नाही. टाइपस्क्रिप्टच्या 5.0 या आवृत्तीपासून असलेले ‘व्हर्बाटिममॉड्यूलसिन्टॅक्स’ हे कलम चालू केले असता ‘टाइप’ असे स्पष्ट न म्हटलेले इम्पोर्ट राखले जातात. अथवा नाव न घेता त्या फाइलीचा निराळा इम्पोर्ट लिहावा. अर्थात पॅकेजचे ‘साइडइफेक्ट्स’ कलमही चुकीचे असेल तर एवढ्याने भागणार नाही, कारण तेथे दोन साक्षीदार एकाच वेळी खोटे बोलत असतात.

पाचवा व अखेरचा साक्षीदार मिनिफायर. टर्सर या मिनिफायरमध्ये ‘ड्रॉप-कन्सोल’ हा पर्याय दिला की कन्सोलची प्रत्येक हाक तिच्या अर्ग्युमेंटांसकट जाते. कोणी लॉग छापता छापता त्याच कंसात मोजणीचा आकडा वाढवीत असेल तर आकडा वाढणेही बंद होते. ईएसबिल्डच्या याच जातीच्या पर्यायासोबत त्याच्या दस्तऐवजात तशी ताकीदच दिलेली आहे. अर्ग्युमेंटांतील परिणाम राखून केवळ हाक काढावयाची असेल तर टर्सरमध्ये ‘प्युअर-फंक्स’ हा सौम्य पर्याय आहे.

तपासाचा क्रम

साक्षीदार ठाऊक झाले म्हणजे त्यांना एकेक करून बाजूला बसविणे हाच तपास. तत्पूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात. पहिली, दोष प्रॉडक्शनच्या बिल्डवर आपल्याच संगणकावर हुकमी उत्पन्न होतो की नाही. कारण विकासकालीन सर्व्हर निराळ्या वाटेने चालतो, आणि उदाहरणार्थ वीट (Vite) हे बिल्ड-साधन त्या वेळी आपल्या प्रकल्पाची मॉड्यूले एकत्र न बांधता एकेक करून ब्राउझरला पुरविते, तेव्हा तेथे काही गळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी, कोड खरोखर गळाला आहे की चुकीच्या क्रमाने चालतो आहे. यासाठी संशयित फंक्शनमध्ये एक अनन्य मजकूर लिहावा, जसे की एखादा विचित्र शब्द, आणि तयार बंडलमध्ये तो शोधावा. मिनिफायर फंक्शनांची व व्हेरिएबलांची नावे बदलतो, परंतु चालणाऱ्या कोडमधील असा शब्द सहसा तसाच राहतो, म्हणून नावाऐवजी मजकुराचा शोध भरवशाचा.

शब्द सापडला नाही तर पहिली पायरी मिनिफायर बंद करण्याची. वेबपॅकमध्ये ‘ऑप्टिमायझेशन.मिनिमाइझ’, वीटमध्ये ‘बिल्ड.मिनिफाय’ हे पर्याय ‘फॉल्स’ करावेत. ईएसबिल्डला ‘मिनिफाय’ देऊ नये. येथे वेबपॅकची एक लकब ध्यानात ठेवावी. तो न वापरलेल्या एक्स्पोर्टांवर केवळ खूण करतो आणि प्रत्यक्ष छाटणी टर्सरवर सोपवितो. म्हणून मिनिफायर बंद केल्यावर कोड परत आला, तरी दोष टर्सरचाच असे लगेच मानू नये. बंडल उघडून त्या मॉड्यूलापाशी ‘अनयूज्ड हार्मनी एक्स्पोर्ट’ अशी टिप्पणी आहे काय ते पाहावे. असेल तर निवाडा वेबपॅकने दिला व टर्सरने केवळ अंमलबजावणी केली. वाचन सुकर व्हावे म्हणून त्याच वेळी ‘कॉन्कॅटिनेटमॉड्यूल्स’ हा पर्यायही बंद ठेवावा.

दुसरी पायरी मानवी ग्वाह्या दुर्लक्षिण्याची. वेबपॅकमध्ये ‘ऑप्टिमायझेशन.साइडइफेक्ट्स’ ‘फॉल्स’ केले की पॅकेजांची घोषणा रद्दबातल होते. ईएसबिल्डमध्ये ‘इग्नोअर-अ‍ॅनोटेशन्स’ हा एकच पर्याय ‘साइडइफेक्ट्स’ व ‘प्युअर’ या दोहोंकडे काणाडोळा करावयास लावतो. रोलअपमध्ये ‘ट्रीशेक.अ‍ॅनोटेशन्स’ बंद करता येते. तेथे हेही स्मरणात असावे की पॅकेज.जेसन रोलअप स्वतः वाचीत नाही, ते काम त्याचे नोड-रिझॉल्व्ह हे प्लगिन करते, म्हणून संशय त्या प्लगिनच्या कॉन्फिगवरही घ्यावा. या पायरीवर कोड परतला तर बंडलर निर्दोष सुटला असे समजावे व संबंधित पॅकेजाचे पॅकेज.जेसन उघडावे.

तिसरी पायरी स्वतःच्या अंदाजावर चालणारी गाळणी थांबविण्याची: रोलअपमध्ये ‘ट्रीशेक’ पूर्ण बंद, ईएसबिल्डमध्ये ‘ट्री-शेकिंग’ ‘फॉल्स’, वेबपॅकमध्ये ‘यूज्डएक्स्पोर्ट्स’ ‘फॉल्स’. रोलअपमध्ये पूर्ण बंद करण्यापूर्वी ‘सेफेस्ट’ हा तयार संच लावून पाहणे अधिक बोधप्रद, कारण तो गाळणी चालू ठेवूनच तिची गृहीते सावध करतो. त्याने दोष गेला तर कोणत्या गृहीताने घात केला हे एकेक कलम फिरवून दोन-चार बिल्डांत कळते. आणि इतके सारे करूनही कोड बंडलमध्ये येत नसेल तर तो बंडलरपर्यंत पोहोचलाच नाही. तेव्हा टाइपस्क्रिप्ट, बेबेल अथवा स्थिरांकांची अदलाबदल यांच्याकडे वळावे.

साधने स्वतःही काही जबानी देत असतात, ती वाचण्याचा आळस करू नये. नाव न घेता केलेला इम्पोर्ट ‘साइडइफेक्ट्स’ कलमामुळे दुर्लक्षिला गेला तर ईएसबिल्ड तसा इशारा देतो, पण शेकडो ओळींच्या बिल्ड-लॉगमध्ये तो कोणी पाहत नाही. त्याच्या ‘मेटाफाइल’मध्ये प्रत्येक फाइलीचे किती बाइट अंतिम बंडलमध्ये उतरले याची नोंद असते, जेथे आकडा शून्य आहे, किंवा जी फाइल नोंदीतच नाही, तेथून शोध आरंभावा. वेबपॅकमध्ये ‘ऑप्टिमायझेशनबेलआउट’ हा तपशील मागितला असता कोणत्या मॉड्यूलावर कोणती सवलत का लागू झाली नाही याची कारणे मिळतात, आणि शेजारच्या फाइलींची कारणे वाचली की गळालेल्या फाइलीचा न्याय कोणत्या आधारावर झाला याचा अदमास येतो.

खरोखरच साधन चुकले असेल तर

कधीकधी सर्व साक्षी खऱ्या निघतात आणि तरीही निवाडा चुकीचा असतो. भाषेचे काही कोपरे असे आहेत की तेथे कोणत्याही बंडलरच्या लेखकाचे पाऊल घसरावे. ‘रिटर्न’नंतर लिहिलेले फंक्शन वरकरणी अगम्य भासते, परंतु फंक्शनची घोषणा आपल्या परिसराच्या आरंभी उचलली जात असल्याने त्याच्या आधीची ओळ त्याला हाक मारू शकते. कायमच्या खोट्या अटीच्या आत ‘व्हार’ने घोषित केलेले व्हेरिएबल त्या शाखेसोबत पुसून टाकले, तर बाहेर त्याला दिलेले मूल्य जागतिक व्हेरिएबलात जाऊन पडते किंवा काटेकोर पद्धतीत सरळ त्रुटी येते. ‘स्विच’च्या सर्व केसांचा परिसर एकच असतो, म्हणून जी केस कधीच चालणार नाही तीत घोषित केलेल्या फंक्शनला चालणारी केस हाक मारीत असेल, तर मृत केस काढताना ती घोषणा वाचविलीच पाहिजे.

काही त्रुटी मात्र साधनाच्या कर्त्यांनी जाणूनबुजून पत्करलेल्या असतात. रोलअप स्वभावतः असे गृहीत धरतो की व्हेरिएबल त्याला मूल्य मिळण्यापूर्वी वाचले जात नाही. तसे वाचणारा कोड असेल तर अट कायमची खरी किंवा खोटी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. हे दस्तऐवजात नमूद आहे आणि त्यासाठी ‘करेक्टव्हारव्हॅल्यूबिफोरडिक्लरेशन’ हे कलमही दिलेले आहे. याउलट ‘ट्राय’च्या आतील कोड बहुधा ब्राउझरची क्षमता अजमावण्यासाठी लिहिलेला असतो हे ओळखून रोलअप तेथे मुळातच हात आखडता घेतो. म्हणून तक्रार करण्यापूर्वी दस्तऐवज वाचावा. ज्याला आपण दोष म्हणतो ती उघडपणे केलेली तडजोड असू शकते.

तक्रारीचा मसुदा करताना लक्षात असावे की देखभाल करणाऱ्यास आपल्या प्रकल्पात रस नसतो, त्याला पुरावा हवा असतो. प्रथम दोष लहान करावा: एकेक इम्पोर्ट, एकेक प्लगिन, एकेक फंक्शन काढीत जावे आणि प्रत्येक वेळी दोष टिकतो काय ते पाहावे, काढल्याने दोष नाहीसा झाला तर ती वस्तू परत ठेवावी. प्लगिनविना, एक-दोन फाइलींत, दहा-पंधरा ओळींपर्यंत प्रकरण उतरले म्हणजे त्याची निम्मी उकल झालेली असते, आणि पुष्कळदा ते उतरता उतरता चूक आपल्याच कॉन्फिगची निघते. नंतर तीच फाइल नोडमध्ये न बांधता थेट चालवावी व बांधून चालवावी. दोहोंच्या उत्तरांतील फरक हाच दोषाचा निर्णायक पुरावा. शेवटी जुन्या आवृत्त्यांवर मागे जाऊन कोणत्या आवृत्तीपासून फरक पडू लागला हे मध्यबिंदू धरीत शोधावे. साधनाची आवृत्ती, संपूर्ण कॉन्फिग, अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तर आणि दोष जेथून सुरू झाला ती आवृत्ती, एवढे तपशील असले की दीर्घ कैफियतीची गरज राहत नाही.

पुढचा बंदोबस्त

दोष सापडेपर्यंत प्रॉडक्शन थांबत नाही, म्हणून तात्पुरती डागडुजी करावी लागते, आणि ती करताना पुष्कळजण गाळणीच सरसकट बंद करून टाकतात. हे टाळावे. दुसऱ्याच्या पॅकेजाचे कलम चुकीचे असेल तर वेबपॅकच्या ‘मॉड्यूल.रूल्स’मध्ये तेवढ्या मार्गापुरते ‘साइडइफेक्ट्स’ ‘ट्रू’ करता येते. रोलअपमध्ये ‘मॉड्यूलसाइडइफेक्ट्स’ला फंक्शन देऊन तेच साधते. साधनाच्या आवृत्तीचा दोष असेल तर नेमकी आधीची आवृत्ती लॉकफाइलमध्ये गोठवावी. ईएसबिल्डचे कर्तेही ‘इग्नोअर-अ‍ॅनोटेशन्स’ हा केवळ तात्कालिक उपाय मानतात व मूळ पॅकेजाची दुरुस्ती व्हावी असे सुचवितात. प्रत्येक डागडुजीशेजारी तिचे कारण आणि ती केव्हा काढावयाची याची अट लिहून ठेवावी, नाहीतर दोन वर्षांनी तिला हात लावण्याचे धैर्य कोणालाच होत नाही.

स्थायी उपाय कोड लिहिण्याच्या पद्धतीत आहे. जे काम फाइल वाचली जाताच गुपचूप होते ते नाव असलेल्या फंक्शनमध्ये घालावे आणि प्रवेश-फाइलीतून त्याला उघडपणे हाक मारावी. ‘डेटपिकर’च्या फाइलीने स्वतःहून टॅग नोंदविण्याऐवजी ‘डेटपिकरनोंदवा’ असे फंक्शन एक्स्पोर्ट केले आणि वापरणाऱ्याने ते घेऊन चालविले, की टाइपस्क्रिप्ट, ‘साइडइफेक्ट्स’ कलम आणि संग्राहक फाइली या तिन्हींचे गैरसमज एकदम मिटतात, कारण आता नाव खरोखर वापरले जाते आणि त्याचा माग प्रवेश-फाइलीपर्यंत सलग लागतो. या रीतीत एक ओळ अधिक लिहावी लागते. तेवढी किंमत देण्यास हरकत नसावी. सीएसएस व पॉलिफिल यांना ही रीत लावता येत नाही, तेथे मात्र अपवादांची यादी निगुतीने लिहावी आणि तिच्यातील मार्ग प्रकाशित पॅकेजातील फाइलींशी ताडून पाहावेत.

पॅकेज प्रकाशित करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. आपले पॅकेज एका रिकाम्या प्रकल्पात खऱ्या ग्राहकाप्रमाणे बसवून, त्याचा प्रॉडक्शन बिल्ड करून, तो बिल्ड चालवून पाहणारी एक छोटी चाचणी ठेवावी. स्रोतावर चालणाऱ्या हजार चाचण्या या दोषाला कधी पकडणार नाहीत, कारण त्या चालतात तेव्हा गाळणी झालेलीच नसते. संकेतस्थळ बनविणाऱ्यांनीही मुख्य पाने, मुख्य फॉर्म व जुन्या ब्राउझरांची वाट एवढ्यांची तरी तपासणी अंतिम बंडलवर करावी.

बंडलच्या आकारावर बहुतेक चमूंनी वरची मर्यादा घातलेली असते, आणि ती ओलांडली की बिल्ड अडतो. तशीच खालची मर्यादाही घालावी. एखादे पॅकेज अद्ययावत करताच बंडल एकाएकी लक्षणीय हलका झाला तर अभिनंदनाचा संदेश पाठविण्यापूर्वी मेटाफाइल उघडून काय गेले ते पाहावे, जे गेले त्याची साक्ष कोणी दिली ते विचारावे, आणि ती साक्ष खरी निघाली तरच नवा आकार मर्यादेच्या नोंदीत मांडावा.